शनिवार ते शनिवार

फ्रेंच आल्प्समधलं तारांतेझ हे खोरं फेब्रुवारीत दर शनिवारी रिकामं होतं आणि त्याच दिवशी पुन्हा भरतं. सकाळी दहाच्या आत भाड्याच्या फ्लॅटच्या किल्ल्या परत करायच्या, संध्याकाळी चार-पाचला नव्या मंडळींनी त्या ताब्यात घ्यायच्या. मधल्या वेळात सफाईवाल्यांनी हजारो फ्लॅट पुन्हा राहण्याजोगे करायचे. व्हाल थोरेन्स, कुर्शव्हेल, ला प्लान्य, लेझ आर्क, तीन्य ही नावाजलेली स्की-गावं याच खोऱ्याच्या अंगाखांद्यावर आहेत आणि खालून वर येणारा मुख्य रस्ता एकच. नाक भाजलेली, पाय दुखणारी मंडळी उतरत असतात, तेव्हाच उत्साहाने फसफसलेली मंडळी चढत असतात. आल्बेरव्हिल ते मूतिए या टप्प्यात दोघांची गाठ पडते आणि मग कुणालाच हलता येत नाही. जाणकार लोक पहाटे निघतात, नाहीतर मुद्दाम रविवार ते रविवार भाडं देणारं घर शोधतात.

मराठी माणसाची आल्प्सशी ओळख बहुधा मे-जूनच्या टूरमध्ये होते. टिटलिस किंवा युंगफ्राउयोखला वर जायचं, तासभर बर्फात खेळायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळी पुढच्या गावच्या हॉटेलात. स्कीची सुट्टी हा याच्या नेमका उलटा प्रकार. एका गावी जाऊन आठवडाभर ठिय्या द्यायचा, रोज त्याच डोंगरावर चढायचं आणि त्याच डोंगरावरून घसरत यायचं. लंडन, म्युनिक, झ्युरिककडे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरात ही सुट्टी मुलांच्या शाळेतून शिरते. वर्गातली बाकीची मुलं जातात, मग आपलंही हट्ट धरतं आणि आई-बाबा रात्री लॅपटॉप उघडून बसतात.

बसले की पहिला प्रश्न पडतो बर्फाचा. पडेल का? पुरेल का? माझं मत विचाराल तर या सुट्टीत लोक बर्फाची काळजी जरा जास्त करतात आणि घराची फार कमी. घर कोणत्या आठवड्यासाठी घेतलं, ते किती उंचीवर आहे आणि दारापासून डोंगरावर नेणाऱ्या तारेच्या पाळण्यापर्यंत किती चालावं लागतं, एवढं जमलं की सुट्टी निम्मी जमली.

आधी आठवडा. आल्प्समध्ये भाव ठरवते ती शाळेची घंटा. फ्रान्सने सगळ्या देशाची तीन विभागांत वाटणी केली आहे. प्रत्येक विभागाला हिवाळ्यात दोन आठवड्यांची सुट्टी मिळते, पण ती मागेपुढे सरकवलेली असते, त्यामुळे फेब्रुवारी ते मार्चची सुरुवात असे चार आठवडे कुणी ना कुणी सुट्टीवर असतंच. पॅरिस ज्या ‘क’ विभागात येतं त्याचे आठवडे सर्वांत महाग. त्यात ब्रिटनच्या शाळांची फेब्रुवारीतली सुट्टी येऊन पडते, बव्हेरियाची फाशिंगची म्हणजे कार्निव्हलची सुट्टी येते, स्वित्झर्लंडमध्ये तर प्रांताप्रांताची क्रीडा-सुट्टी वेगवेगळ्या तारखांना. हे सगळं एकमेकांवर पडतं त्या आठवड्यात फ्लॅटचं भाडं जानेवारीच्या दुप्पट झालं तरी कुणी भुवई उंचावत नाही. भारतातून जाणाऱ्यांची पंचाईत निराळी. मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात बर्फ वितळलेला, उरली नाताळची सुट्टी. तीही महागच, आणि खालच्या गावांत तेव्हा बर्फाची खात्री कमी. ज्यांच्या घरात शाळकरी मूल नाही त्यांनी नववर्षाची गर्दी ओसरल्यावरचे जानेवारीचे आठवडे डोळे मिटून घ्यावेत. थंडी कडक असते आणि दिवस लहान, हे खरं. ज्यांना ऊन हवं त्यांनी मार्चच्या मध्यानंतर जावं, पण मग गाव उंचावरचंच हवं.

गंमत म्हणजे हिवाळ्यात डोंगरात राहायला जायचं हे खूळ तसं अलीकडचं. सेंट मॉरिट्झचा हॉटेलवाला योहानेस बाद्रुट याने १८६४ साली आपल्या उन्हाळी इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, असं सांगतात: हिवाळ्यात येऊन राहा, नाही आवडलं तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि ईस्टरपर्यंत हलले नाहीत. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल १८९४ मध्ये पायाला लांब लाकडी फळ्या बांधून डाव्होसहून डोंगर ओलांडून आरोझाला गेला आणि मग त्याने त्यावर मासिकात लेख लिहिला. फुरसत आणि पैसा असलेल्या इंग्रजांनी हा शौक लावून दिला. सामान्य माणसाला तो परवडू लागला तो दुसऱ्या महायुद्धानंतर.

आता उंची. हवेत शंभर मीटर वर गेलं की तापमान साधारण ०.६५ अंशाने उतरतं, म्हणजे हजार मीटरला साडेसहा अंश. खाली पाऊस आणि वर बर्फ, हा सगळा खेळ या साडेसहा अंशांचा. ऑस्ट्रियातलं किट्झब्युल हे देखणं, जुनं गाव सुमारे ७६० मीटरवर आहे. व्हाल थोरेन्स आहे २३०० मीटरवर, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसहाशे मीटर उंच. पहिल्या ठिकाणी चौकात कॉफी पिताना पायाखाली चिखल असण्याची शक्यता बरीच. दुसऱ्या ठिकाणी एप्रिलमध्येही दारासमोर पांढरं असतं. पण जाहिरातीतल्या उंचीचा आकडा नीट वाचायला हवा. काही गावं आपल्या सर्वांत उंच पाळण्याचा आकडा मिरवतात आणि झोपायचं घर मात्र त्याच्या हजार मीटर खाली असतं. त्यात वाईट काही नाही, सकाळी पाळण्याने वर जायचं आणि संध्याकाळी त्यानेच उतरायचं. फक्त घरापर्यंत घसरत येण्याचं स्वप्न पाहू नये.

उंचीची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. दोन हजार मीटरच्या वर आल्प्समध्ये झाडं विरळ होत जातात आणि मग संपतात. ढग उतरून बर्फ पडू लागला की जमीन कुठे आणि आकाश कुठे हे कळेनासं होतं. समोरचा खळगा पायाला कळतो तेव्हाच डोळ्यांना कळतो. अशा दिवशी रानातून जाणारी खालची वाट बरी, कारण झाडांच्या काळ्या खोडांमुळे उताराचा अंदाज येतो. लहान मुलं किंवा नवशिके बरोबर असतील तर मी सर्वांत उंच गावाच्या मागे लागणार नाही. सतराशे-अठराशे मीटरवर घर, आजूबाजूला झाडं, वर अडीच हजारापर्यंत जाणारे पाळणे आणि उत्तरेकडे तोंड केलेले उतार, एवढं पुष्कळ झालं.

कृत्रिम बर्फाच्या तोफा सगळीकडे दिसतात, पण त्यांनाही थंडी लागतेच. हवेतलं तापमान आणि आर्द्रता दोन्ही धरून जो ओल्या फडक्याच्या तापमापकाचा आकडा येतो, तो साधारण उणे दोनच्या खाली गेला तरच तोफ नीट चालते. पाणी लागतं, वीज लागते, ते निराळंच. युरोपातल्या २२३४ स्की-केंद्रांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीचं तापमान दोन अंशांनी वाढलं आणि तोफा धरल्या नाहीत, तर त्यांपैकी ५३ टक्के केंद्रांना बर्फाच्या तुटवड्याचा फार मोठा धोका आहे, असं त्यात निघालं. चार अंशांनी वाढलं तर ९८ टक्क्यांना. धोक्याचा पहिला घास खालच्या डोंगरांचा. फ्रान्समधल्या ज्युरा पर्वतातल्या मेताबिएफ या गावाने तर उतारावरचं स्कीइंग येत्या काही वर्षांत बंद होणार, हे धरूनच पुढची आखणी सुरू केली आहे.

घराकडे वळू या, कारण खरी मजा आणि खरी फसगत दोन्ही तिथेच आहे. आल्प्समधलं भाड्याचं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाकडी शॅले, उतरतं छप्पर आणि शेकोटी येते. तशी घरं आहेत, स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या जुन्या गावांत भरपूर आहेत. पण फ्रान्समधल्या मोठ्या स्की-गावांत गाव असं काही मुळात नव्हतंच. उन्हाळ्यात गुरं चारायची कुरणं होती. ‘कुर्शव्हेल १८५०’ नावाचं गाव १९४६ मध्ये कोऱ्या जागेवर आखलं गेलं. ते आखणारा लोराँ शापी हा नगररचनाकार युद्धकैदी असतानाच या डोंगरांच्या योजना मांडत होता. १९६४ पासून सरकारने ‘प्लाँ नेज’ म्हणजे बर्फ-योजना राबवली आणि उंचावर काँक्रीटच्या वसाहती उभ्या राहिल्या. फ्लेन हे गाव वास्तुकार मार्सेल ब्रॉयरने रेखाटलं. लेझ आर्कच्या कामात वास्तुरचनाकार शार्लोत पेरियाँ होती. चंदिगड वसवणाऱ्या ल कॉर्ब्युझिएच्या कचेरीत तिने १९२७ पासून दहा वर्षं काढली होती. इमारत डोंगराच्या उतारावर टेकवायची, प्रत्येक घराला ऊन आणि समोरचं शिखर द्यायचं, आणि आतली जागा कमीत कमी ठेवायची, कारण माणूस दिवसभर बाहेरच असणार, असं तिचं गणित. न्हाणीघरं कारखान्यात तयार करून आणली आणि जागेवर बसवली.

या गणिताचा फटका आज भाडेकऱ्याला बसतो. ‘चार जणांसाठी स्टुडिओ’ असं लिहिलेलं घर बरेचदा पंचवीस चौरस मीटरच्या आसपास असतं, म्हणजे जेमतेम पावणेतीनशे चौरस फूट. चारपैकी दोन जण सोफा उलगडून झोपणार. उरलेले दोघे ‘कोपरा’ किंवा ‘केबिन’ म्हटलेल्या जागेत, म्हणजे प्रवेशदाराजवळच्या खिडकी नसलेल्या कोनाड्यात एकावर एक दोन फळकुटांवर, दाराऐवजी कित्येकदा पडदा. मुंबईच्या चाळीत वाढलेल्याला यात नवल नाही, पण चाळीतल्या खोलीत चौघांचे ओले बूट, चार जोड हातमोजे आणि चार हेल्मेटं वाळत घालावी लागत नाहीत. म्हणून जाहिरातीतला माणसांचा आकडा बघूच नये. चौरस मीटर बघावेत, दार असलेल्या झोपायच्या खोल्या मोजाव्यात. माझा हिशेब सोपा आहे: सहा जणांचं लिहिलेलं घर चौघांना पुरतं.

मग अंतर. नकाशावर ‘पाळण्यापासून तीनशे मीटर’ वाचायला काही वाटत नाही. स्कीचे बूट घालून चालून बघा. कडक प्लास्टिकचा तो बूट घोट्यात वाकत नाही, तळवा सपाट, टाच आधी आपटते. खांद्यावर दोन फळ्या, हातात काठ्या, दुसऱ्या हातात सहा वर्षांचं मूल आणि त्याच्या दोन छोट्या फळ्या. त्यात तिसऱ्याच मिनिटाला त्याला शू लागते. तीनशे मीटर चढाचे असतील तर पहिल्याच सकाळी घरात भांडण. फ्रेंच जाहिरातीत ‘स्की ओ पिए’ असं लिहिलेलं असेल तर दारातूनच पायात स्की चढवून निघता येतं, असा दावा असतो. तो खराच असतो असं नाही, तेव्हा स्की-नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवून इमारत शोधावी, मधे रस्ता किंवा जिना येतो का ते पाहावं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना लेझ आर्क सोयीचं. बूर-सँ-मोरीस स्टेशनात गाडीतून उतरलं की तिथूनच रुळांवरची केबल-रेल्वे सात मिनिटांत १६०० मीटरवर नेऊन सोडते. गाडी असेल तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च फ्रान्सच्या अनेक डोंगरी भागांत हिवाळी टायर किंवा साखळ्या बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे. साखळी पहिल्यांदा चढवायची ती घरासमोर, कोरड्या दिवशी. अंधारात, वळणावर, मागे वीस गाड्या भोंगे वाजवत असताना नव्हे.

घर ठरलं की करार वाचायचा, आणि इथे आपण भारतीय फार घाई करतो. फ्रान्समध्ये आगाऊ रकमेचे दोन प्रकार आहेत. ‘आर’ भरली असेल तर तेवढी रक्कम सोडून देऊन ग्राहकाला माघार घेता येते, आणि माघार घेणारा व्यावसायिक असेल तर त्याने दुप्पट परत द्यायची. ‘आकाँत’ भरली असेल तर सौदा पक्का, न गेलात तरी पूर्ण रकमेची मागणी होऊ शकते. कागदावर कोणता शब्द आहे ते पाहावं. भाड्याशिवाय अनामत रक्कम, माणशी दररोजचा पर्यटन-कर आणि शेवटच्या सफाईचे पैसे लागतात. चादरी आणि टॉवेल तर बरेचदा भाड्यात धरलेलेच नसतात. रात्री नऊला पोचल्यावर उघड्या गादीकडे बघत बसायचं नसेल तर ते आधी विचारावं. किल्ली घेताना भांड्याकुंड्यांची यादी मिळते. ती तपासून, फुटक्या कपाचा आणि भिंतीवरच्या ओरखड्याचा फोटो काढून ठेवावा. अनामतीचा वाद त्याच कपावरून होतो. आणि नेमका पत्ता न देता थेट बँकेत पैसे भरायला सांगणारा, शेजारच्या घरांपेक्षा निम्मं भाडं मागणारा मालक भेटला तर पुढच्या जाहिरातीकडे वळावं. शंका असेल तर गावाच्या पर्यटन कार्यालयाला विचारता येतं.

फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर असतं, आणि मराठी कुटुंबाला घर भाड्याने घेण्याचं निम्मं कारण तेच. दोन विजेच्या शेगड्या, छोटा फ्रिज, आणि कपाटात चीज वितळवायचं राक्लेटचं यंत्र हमखास. व्हाल थोरेन्सच्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं. तूरडाळ साध्या पातेल्यात तासभर रटरटली तरी कणीदार राहते, म्हणून छोटा कुकर सामानात हवाच. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापणार नाही, स्टीलचा न्यावा, तोही इंडक्शनला चालणारा. वरच्या दुकानांत भाव खालच्यापेक्षा चांगलेच चढे असतात. मूतिए किंवा बूर-सँ-मोरीसच्या सुपरमार्केटमध्ये आठवड्याचं दूध, बटाटे, कांदे भरून घ्यावेत. शाकाहाऱ्यांनी इथल्या सुप्रसिद्ध तार्तिफ्लेतपासून सावध राहावं. बटाटे आणि चीज दिसतं खरं, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि रेब्लोशाँ हे चीजही प्राणिज रेनेटने विरजवलेलं.

शिकण्याबद्दल एकच आग्रहाचं सांगणं: नवऱ्याने बायकोला किंवा मित्राने मित्राला शिकवू नये. लाल जाकिटातले शिक्षक ज्या फ्रेंच स्की-शाळेचे असतात ती १९४५ पासून चालू आहे. तिचे आठवड्याचे वर्ग रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, म्हणून शनिवारी रात्री उशिरा पोचणं आणखी महागात पडतं. सुट्टीच्या आठवड्यांत हे वर्ग घराइतकेच आधी भरतात. नवशिक्याने कुर्शव्हेल-व्हाल थोरेन्सकडच्या, सहाशे किलोमीटर वाटांच्या ‘तीन खोऱ्यां’चा महागडा पास काढणं म्हणजे पोहायला शिकण्यासाठी अख्खं धरण भाड्याने घेणं. बऱ्याच गावांत शिकाऊ पट्टे फुकट किंवा स्वस्त असतात, पहिले दिवस तिथेच जातात. फ्रान्समध्ये हिरवी वाट सर्वांत सोपी, मग निळी, लाल, काळी. ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये बहुधा हिरवी नसतेच, निळीपासूनच सुरुवात. साहित्य भाड्याने घेताना वजन, उंची, वय आणि बुटाचा आकार खरा सांगावा, विशेषतः वजन. पडल्यावर बूट फळीपासून केव्हा सुटायचा हे त्या आकड्यांवर ठरतं, आणि तो वेळेवर सुटला नाही तर गुडघा जातो. बुटात मोज्यांचा एकच जोड घालावा. दोन घातले की पाय जास्त गार पडतो.

विमा लहान अक्षरांत असतो, पण वाचावा. फ्रान्समध्ये स्कीच्या वाटेवरून जखमीला खाली आणण्याचा खर्च जखमीकडूनच वसूल होऊ शकतो, आणि हेलिकॉप्टर आलं तर आकडा डोळे पांढरे करतो. भारतातल्या साध्या प्रवास-विम्यात हिवाळी खेळ बरेचदा वगळलेले असतात. इटलीत जानेवारी २०२२ पासून दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हेल्मेट लहानथोर सगळ्यांना.

एवढा खटाटोप करण्याआधी आपल्याला हे आवडतं का, हे पाहायचं असेल तर गुलमर्ग आहे. तिथल्या पाळण्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि अफरवटच्या खांद्यापर्यंत नेणारा दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. सरकारी स्कीइंग संस्था नवशिक्यांना पहिल्या पायरीपासून शिकवते. पण गुलमर्गचा दुसरा टप्पा हा नवशिक्यांचा डोंगर नाही, तिथे आखून-दाबून केलेल्या वाटा कमी आणि हिमस्खलनाचा धोका खरा. बर्फाची हमी तिथेही नाही: जानेवारी २०२४ मध्ये बरेच दिवस गुलमर्गचं मैदान तपकिरी होतं.

आठवडाभर राहून आलेल्यांपैकी काहींच्या मनात मग तिथे घर विकत घ्यायचंच येतं. स्वित्झर्लंडमध्ये ११ मार्च २०१२ च्या सार्वमतात ५०.६ टक्के मतदारांनी सुट्टीच्या घरांवर मर्यादा घातली. ज्या गावात अशी घरं २० टक्क्यांहून जास्त आहेत तिथे नवी बांधायला मनाई. परदेशी माणसाने घर घेण्यावर वेगळे निर्बंध आहेतच. फ्रान्समध्ये वेगळंच दुखणं. बर्फ-योजनेतल्या फ्लॅटचे मालक म्हातारे झाले, ते स्वतः येत नाहीत आणि भाड्यानेही देत नाहीत. वर्षातले बहुतेक आठवडे बंद असणाऱ्या या घरांना तिकडे ‘थंड खाटा’ म्हणतात. काही मालकांनी आतून सगळं काढून नव्याने बांधून घेतलं आहे, काहींचा सोफा अजून १९७४ चाच आहे. फोटोत तो चादरीखाली झाकलेला असतो. पैसे भरण्याआधी मालकाला विचारायचा शेवटचा प्रश्न हाच: घराची दुरुस्ती कोणत्या साली केली, आणि बूट वाळवायचं यंत्र आहे का?